हळदपट्टी प्रोग्रॅम नव्या मशीनवर: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम हातात घेतलं. सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक अडत दुकान. सौद्यात माल गेला की पोती काट्यावर चढतात, वजन केबलमधून थेट प्रोग्रॅममध्ये येतं, हमाली, तोलाई, आधीची उचल वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. प्रोग्रॅम सी++ मधला. लिहिणारा आता पुण्यात नोकरीला आहे. फोन उचलतो, पण "सोर्स त्या मशीनवरच आहे बघा" (सोर्स म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मूळ मजकूर) याच्या पुढे गाडी सरकत नाही. बॅकअपची सीडी मालकांच्या गावभागातल्या घरी होती, ती २०१९ च्या पुरात गेली. जुन्या मशीनची हार्डडिस्क आता कुरकुरते आहे. म्हणजे जे आहे ते हेच.

मागणी दोन गोष्टींची: नव्या मशीनवर सगळं पुन्हा बिल्ड करायचं, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम नव्यानं बनवायचा, आणि पट्टीवर दोन रकाने वाढवायचे. रकाने अर्ध्या दिवसाचं काम. नव्या हळदीचे सौदे जोरात सुरू व्हायच्या आत बिल्ड उभा राहतो का, एवढाच खरा प्रश्न.

दिवाणजींनी सगळा सोर्स पेनड्राइव्हवर काढून दिला. विश्रामबागेत घरी येऊन माझ्या लॅपटॉपवर चालवला. पहिलीच एरर: काट्याच्या कंपनीची हेडर फाईल (काट्याशी बोलायच्या फंक्शन्सची यादी) सापडत नाही, "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी".

फाईल फोल्डरमध्ये समोर दिसते आहे. अशा वेळी फाईल इकडून तिकडे कॉपी करत बसायचा मोह होतो. तो टाळला. कंपायलर, म्हणजे सोर्सचं मशीनला कळणारं रूप करणारं हत्यार, कुठे कुठे शोधतो आहे ते आधी त्यालाच विचारायचं. जीसीसीला, म्हणजे या कंपायलरला, "-व्ही" दिलं की तो शोधायच्या फोल्डरांची यादी, क्रमासकट, छापतो. यादीच्या वर एक ओळ होती: "इग्नोअरिंग नॉनएक्झिस्टंट डिरेक्टरी", आणि पुढे डी ड्राइव्हवरचा एक पत्ता. जुन्या मेकफाईलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाईल, मेक हा प्रोग्रॅम ती वाचतो) कॅपिटल आयच्या पर्यायापुढे तो पत्ता जसाच्या तसा कोरलेला आहे. माझ्याकडे डी ड्राइव्हच नाही.

यातली गंमत अशी की नसलेला इन्क्लूड पाथ (हेडर शोधायचा पत्ता) ही जीसीसीच्या लेखी चूकच नाही. तो गुपचूप वगळतो आणि पुढे जातो. ओरडतो ते हेडर मिळालं नाही तेव्हा, आणि तेव्हाही नाव फक्त हेडरचं घेतो. यासाठी "मिसिंग-इन्क्लूड-डर्स" ची वॉर्निंग असते, ती मेकफाईलमध्ये आत्ताच चालू करून ठेवली. पत्ता मेक ज्या फोल्डरातून चालतो तिथपासून मोजला जाईल असा बदलला, "करडिर" या व्हेरिएबलने.

आमच्या पिढीनं हा धडा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर घेतला होता. "अनएबल टू ओपन इन्क्लूड फाईल" आलं की ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीज उघडायचं आणि टीसी खालचं इन्क्लूड आणि लिब नीट आहे का बघायचं. ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला तर बीजीआयचा पत्ता स्मॉल लिपीत एकेरी उलट्या तिरक्यानं लिहिला की "तिरका-टी" चा टॅब व्हायचा आणि "तिरका-बी" चा बॅकस्पेस, आणि अख्खी बॅच वर्तुळ का उमटत नाही म्हणून पडद्याकडे बघत बसायची.

७ जानेवारी, मंगळवार

कंपाईल झालं, पण वॉर्निंग्जचा रंगढंग ओळखीचा वाटेना. हा जीसीसी कुठला?

पॉवरशेलमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) नुसतं "व्हेअर जीसीसी" टाकलं तर काहीच छापत नाही. तिथे "व्हेअर" हे दुसऱ्याच एका आज्ञेचं टोपणनाव आहे. पूर्ण "व्हेअर.ईएक्सई" लिहावं लागतं. लिहिलं, आणि दोन पत्ते आले. पहिला स्ट्रॉबेरी पर्ल या दुसऱ्याच एका भाषेच्या पॅकेजच्या फोल्डरातला, दुसरा मी मुद्दाम बसवलेल्या मिंगडब्ल्यूचा, म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीचा. स्ट्रॉबेरी पर्लबरोबर स्वतःचा जीसीसी येतो आणि त्याचं फोल्डर पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जातं. विंडोज पाथची यादी डावीकडून वाचतं आणि पहिला मिळाला की थांबतं. नंतर कितीही चांगला कंपायलर बसवा, यादीत मागे असेल तर त्याची पाळी येतच नाही.

पाथ बदलताना दोन पथ्यं, इथेच लिहून ठेवतो, कारण दुकानाच्या मशीनवर हेच पुन्हा करायचं आहे. "सेटएक्स" वापरायचं नाही. ती आज्ञा १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते, आणि चालू पाथ तिच्या हाती दिला तर सिस्टिमचा आणि युजरचा पाथ एकत्र कालवून युजरच्या खात्यात लिहिते. सरळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी उघडावी. दुसरं: बदल केला तरी आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला त्याचा पत्ता नसतो. प्रोसेस सुरू होताना जे वातावरण मिळालं तेच ती शेवटपर्यंत वापरते. एडिटरच्या आतलं टर्मिनल बंद करून नवं उघडलं तरी ते एडिटरकडूनच जुना पाथ घेतं, म्हणून अख्खा एडिटर बंद करून उघडायचा.

९ जानेवारी, गुरुवार

लिंकिंगला आलो. कंपाईल झालं म्हणजे हेडर सापडलं, एवढंच. हेडरमध्ये फक्त शब्द दिलेला असतो की असं असं फंक्शन आहे. ते खरोखर आणून जोडायचं काम लिंकरचं, आणि त्याच्या शोधायच्या जागा वेगळ्या: कॅपिटल एलपुढे फोल्डर, स्मॉल एलपुढे लायब्ररीचं, म्हणजे तयार फंक्शन्सच्या फाईलीचं, नाव. कॅपिटल आयचा पाथ कितीही नीट केला तरी लिंकरला त्याचं काही देणंघेणं नाही.

शेवटची ओळ म्हणते: काट्याची लायब्ररी "कॅनॉट फाइंड". फाईल जागेवर आहे, पाथ बरोबर आहे, नाव बरोबर आहे. उत्तर तिच्या वरच्या ओळीत होतं: "स्किपिंग इन्कम्पॅटिबल". म्हणजे लिंकरला फाईल सापडली, त्यानं ती उघडून बघितली आणि बाजूला ठेवली. लायब्ररी ३२-बिट, माझा कंपायलर ६४-बिट. सापडली पण उपयोगाची नाही आणि सापडलीच नाही, या दोन्हींना शेवटी एकच वाक्य. एररची फक्त शेवटची ओळ वाचायची सवय असलेल्या माणसाचा इथे अख्खा दिवस जातो.

काट्याच्या कंपनीकडे ६४-बिट लायब्ररी आहे का विचारलं. "ते मॉडेल बंद झालंय सर." विषय संपला.

दोन वाटा आहेत. एक, लायब्ररीच काढून टाकायची आणि सिरीयल पोर्ट आपण स्वतः वाचायचा. काटा काय पाठवतो ते बघितलं, साध्या अक्षरांत वजन येतं, अवघड नाही. पण काट्याच्या वजनावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. तिथे सौद्यांच्या तोंडावर नवा कोड घालायला माझं मन तयार नाही. दुसरी, सगळं ३२-बिट ठेवायचं. तीच घेतली. जुन्या मशीनवरचं मिंगडब्ल्यूचं फोल्डर, जीसीसी ६.३.० वालं, उचलून आणलं. हा कंपायलर आपल्या बाकीच्या वस्तू स्वतःच्या जागेपासून शोधतो, त्यामुळे फोल्डर हलवलं तरी बिघडत नाही. "-डम्पमशीन" देऊन तो ३२-बिटच असल्याची खात्री केली. लिंक झाला.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

दुपारी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, आणि त्यानंतर या सबंध कामातली सगळ्यात चांगली एरर.

आतापर्यंत मी घरी स्वतःच्या फोल्डरात काम करत होतो. आज दिवाणजींनी नवीन पेनड्राइव्ह पाठवला, जुन्या मशीनवर मागाहून सापडलेल्या फाईलींसकट. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचं नाव त्यांनी मराठीत ठेवलंय: सौदा. अख्खं फोल्डर सी ड्राइव्हवर घेतलं, मेक चालवला, आणि हे आलं: सी ड्राइव्ह, तिरका, मग "????", तिरका, मेन फाईलचं नाव, "इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट".

त्याच फोल्डरात उभं राहून हातानं जीसीसीला नुसतं फाईलचं नाव दिलं तर मात्र बिनबोभाट कंपाईल होतं.

प्रश्नचिन्हं चारच का? स, ौ, द, ा. युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) मात्रा आणि काना यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, म्हणून डोळ्याला दोन अक्षरं दिसली तरी मशीनला चार. प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह.

कारण असं. एनटीएफएसवर (विंडोजची डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) फाईलींची नावं युनिकोडमध्येच असतात, देवनागरीला विंडोजची काहीएक आडकाठी नाही. पण जुने प्रोग्रॅम विंडोजशी जुन्या, "अँसी" म्हणतात त्या दारातून बोलतात, जिथे नाव आधी मशीनच्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या मर्यादित तक्त्यात, बदललं जातं. इंग्रजी आणि युरोपी भाषांना अशी कोडपेजं आहेत, थाई, अरबीलाही आहेत. देवनागरीला विंडोजनं असं कोडपेज कधी दिलंच नाही, आपली भाषा तिथे थेट युनिकोडमधूनच आली. म्हणून बदलताना प्रत्येक खुणेचं प्रश्नचिन्ह होतं. आणि प्रश्नचिन्ह हे विंडोजमध्ये फाईलच्या नावात चालत नाही, ते "कुठलंही एक अक्षर" या अर्थानं राखीव आहे. म्हणून "फाईल नाही" असं न म्हणता "आर्ग्युमेंटच चुकीचं" म्हणतो.

हातानं का चालतं तेही यातच आलं. नुसतं फाईलचं नाव दिलं की सौदा हा शब्द कुणाला उच्चारावाच लागत नाही, चालू फोल्डर विंडोज स्वतः सांभाळतं. मेक मात्र "करडिर" घेऊन पूर्ण पत्ता उभा करतो, आणि तो उभा करतानाच अक्षरं गळतात.

फोल्डरचं नाव रोमन केलं. चाललं. उद्या संक्रांत, काम बंद.

१६ जानेवारी, गुरुवार

नवं मशीन दुकानात लागलं. काटा तिथेच जोडलेला आहे, त्यामुळे शेवटचं सगळं तिथेच करावं लागणार. मिंगडब्ल्यू सी ड्राइव्हच्या मुळाशी, सोर्स त्याच्या शेजारी, दोन्हींची नावं रोमन, छोटी, मध्ये स्पेस नाही. मेकला पत्त्यातली मोकळी जागा झेपत नाही, तिथे तो एका पत्त्याचे दोन तुकडे करतो आणि "नो रूल टू मेक टार्गेट" म्हणून मोकळा होतो. ते आधीच टाळलं.

मेक चालवला. पुन्हा प्रश्नचिन्हं!

या वेळी तक्रार सोर्स फाईलची नव्हे. एक तात्पुरती फाईल उघडता येत नाही, आणि तिच्या पत्त्यात "??? ?????". तीन, मोकळी जागा, पाच. आपल्या पत्त्यात तर देवनागरी कुठेच नाही. मग हे तीन आणि पाच कोण?

मशीन सुरू करताना पडद्यावर जे नाव येतं ते: हळद विभाग. ह, ळ, द. व, ि, भ, ा, ग.

जीसीसी म्हणजे एकटा प्रोग्रॅम नव्हे. तो पडद्यामागे क्रमानं इतरांना कामाला लावतो. एक सी++ वाचून असेंब्ली लिहितो, दुसरा असेंब्लीची ऑब्जेक्ट फाईल करतो, शेवटी लिंकर. मधल्या हस्तांतरणाची फाईल टेम्प फोल्डरात पडते. टेम्प फोल्डर असतं युजरच्या फोल्डरात, आणि ते फोल्डर खातं उघडताना दिलेल्या नावाचं. सोर्स कुठेही ठेवा, तो एकदा तरी "हळद विभाग" च्या दारातून जातोच.

दिवाणजींना सांगितलं तर त्यांनी लगेच कंट्रोल पॅनल उघडून खात्याचं नाव इंग्रजीत केलं. पडद्यावरचं नाव बदललं, फोल्डर तसंच. खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव पहिलं दिलेलंच राहतं.

"मग मराठीत नाव ठेवायचंच नाही का ओ?"

"ठेवा की. विंडोजला चालतंय. हा जुना कंपायलर आहे त्याला चालत नाही."

"मग तुमचा कंपायलर बदला."

बरोबर आहे त्यांचं. आमच्या धंद्यात "फोल्डरला मराठी नाव देऊ नका" हे इतकं सहज सांगितलं जातं की चूक मराठीची वाटायला लागते. दुकानातली सगळी कामं मराठीत चालतात, माणूस खात्याला मराठी नाव देणारच. अडतंय ते फक्त बिल्डची हत्यारं जुनी आहेत म्हणून, आणि ती जुनी आहेत ती काट्याच्या लायब्ररीमुळे. नवं खातं उघडून दिवाणजींच्या टॅली, प्रिंटर, शॉर्टकट सगळ्यांची उलथापालथ करायची नाही असं ठरवलं, आणि त्यांनी केलेला बदल परत फिरवून "हळद विभाग" ठेवलं.

उपाय छोटा निघाला. एक बॅच फाईल, म्हणजे ओळीनं चालवायच्या आज्ञांची फाईल. ती टेम्प आणि टीएमपी ही दोन्ही व्हेरिएबल्स सी ड्राइव्हवरच्या एका रोमन नावाच्या फोल्डरकडे वळवते, पाथच्या सुरुवातीला आपलं मिंगडब्ल्यू लावते आणि मग मेक चालवते. हे सगळं त्या एका काळ्या खिडकीपुरतं. खिडकी बंद, की मशीन जसं होतं तसं. बिल्ड झाला.

२० जानेवारी, सोमवार

प्रोग्रॅम बॅच फाईलमधून चालतो, डेस्कटॉपवरून दोनदा टिचकी मारली तर डीएलएल (चालताना जोडली जाणारी लायब्ररी) नाही म्हणून बंद पडतो. हे अपेक्षित होतं: सी++ चं रनटाइम (अशीच एक डीएलएल) मिंगडब्ल्यूच्या बिन फोल्डरात आहे, आणि तो पाथ आपण त्या खिडकीपुरताच लावलाय. लिंक करताना स्टॅटिक-लिबजीसीसी आणि स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ दिले, ती दोन्ही प्रोग्रॅमच्या पोटात गेली.

काट्याची डीएलएल मात्र बाहेरच राहणार. कंपनीच्या कागदावर लिहिलंय, "सिस्टिम३२ मध्ये कॉपी करा". दुकानातल्या पोरानं कागद वाचून तसंच केलं होतं, आणि प्रोग्रॅमला ती दिसत नव्हती. पोराची काही चूक नाही. ६४-बिट विंडोजवर सिस्टिम३२ या फोल्डरात ६४-बिट फाईली असतात आणि ३२-बिट फाईलींचं फोल्डर म्हणजे सिसवाऊ६४. नावं बरोब्बर उलटी. ३२-बिट प्रोग्रॅमनं सिस्टिम३२ मागितलं की विंडोज त्याला गुपचूप सिसवाऊ६४ दाखवतं. एक्सप्लोअरर स्वतः ६४-बिट, त्यामुळे पोरानं फाईल टाकली ती खऱ्या सिस्टिम३२ मध्ये, आणि आपला प्रोग्रॅम शोधत होता दुसरीकडे. दोघंही "सिस्टिम३२" च म्हणत होते. कागद ३२-बिट विंडोजच्या काळात छापलेला असणार.

सिस्टिम फोल्डरांच्या भानगडीतच पडलो नाही. डीएलएल शोधताना विंडोज आधी प्रोग्रॅमचं स्वतःचं फोल्डर बघतं. तिथे, शेजारी ठेवली. सिस्टिम३२ मधली कॉपी काढून टाकली, नाहीतर पुढचा माणूस तिच्याकडे बघून चक्रावेल.

२२ जानेवारी, बुधवार

काट्यावर पोतं, पडद्यावर शून्य. नव्या मशीनला सिरीयल पोर्ट नाही, यूएसबीचं कन्व्हर्टर लावलंय, आणि डिव्हाइस मॅनेजर त्याला कॉम११ म्हणतो. कॉम१ ते कॉम९ नुसत्या नावानं उघडतात. १० पासून पुढे नावाच्या आधी दोन उलटे तिरके, टिंब, एक उलटा तिरका लावावा लागतो, नाहीतर "फाईल सापडत नाही". सी++ च्या अवतरणात प्रत्येक तिरका दुहेरी, म्हणजे चार, टिंब, दोन. वाचायला भयाण दिसतं. लायब्ररी पोर्टचं नाव जसं दिलं तसंच पुढे देते, त्यामुळे एवढ्यानं भागलं. नऊच्या आतल्या पोर्टलाही हे रूप चालतं, म्हणून सगळीकडे तेच ठेवलं.

वजन आलं. पोतं उतरवून चढवून, शेजारच्या दुकानाच्या काट्याशी ताडून बघितलं. जुळलं. हमालांना या खेळाचा कंटाळा आला, मालकांनी सगळ्यांना चहा आणि भडंग मागवलं.

२५ जानेवारी, शनिवार

दोन रकाने घातले. बिल्ड करताना लिंकर म्हणाला, आउटपुट फाईल उघडता येत नाही, "परमिशन डिनाइड". पाथ तपासायची गरज नव्हती: शेजारच्या टेबलावर दिवाणजी तोच प्रोग्रॅम उघडून पट्टीचा नमुना बघत होते. चालू असलेल्या ईएक्सईवर विंडोज लिहू देत नाही. त्यांनी बंद केला, बिल्ड झाला.

बॅच फाईलच्या सुरुवातीला तीन ओळी वाढवल्या. मेकच्या आधी ती छापते: जीसीसी कुठून उचलला, तो ३२-बिट आहे की ६४, आणि टेम्प कुठे आहे. पुढच्या वेळी फोनवर "एरर आली" एवढंच न सांगता दिवाणजी या तीन ओळी वाचून दाखवू शकतील. एकदा करून घेतलं, नीट वाचल्या.

सोर्स, मिंगडब्ल्यूचं फोल्डर, काट्याची डीएलएल आणि ही बॅच फाईल यांची एकत्र झिप: एक प्रत माझ्याकडे, एक मालकांच्या मेलवर, एक पेनड्राइव्ह दुकानाच्या कपाटात. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरला दिवाणजींनी "हळद पट्टी" नाव दिलंय. राहू दे. आतल्या कागदावर लिहिलंय की बिल्ड करण्याआधी झिप सी ड्राइव्हच्या मुळाशी उघडायची.

बाकी: काट्याची लायब्ररी काढून पोर्ट थेट वाचणं, मग ६४-बिट कंपायलर. सौदे थंडावल्यावर, मे अखेरीला. मालकांशी दर ठरवायचा आहे.